ओट्याच्या लाकडाला रंग कोणता द्यावा?

रत्नागिरी शहरातून निघून काजळीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये लागते. एका अंगाला समुद्र आणि सुरूचे बन, दुसऱ्या अंगाला माडांच्या बागा. १९५५ सालापासून येथे नारळाचे संशोधन केंद्र आहे. अशा ठिकाणी लाकडाला तेल लावायचे म्हटले की माणसाचा हात आपोआप खोबरेलाच्या बाटलीकडे जातो; आणि नेमकी तिथेच गोष्ट बिघडते. ती कशी, ते पुढे येईलच.

स्वयंपाकघरातल्या ओट्याची एक नवी तऱ्हा अलीकडे आपल्याकडे आली आहे. चिऱ्याची भिंत, वर मंगलोरी कौले, आणि ओटा मात्र कडाप्याचा किंवा ग्रॅनाइटचा नव्हे, तर जाड लाकडी फळीचा. शहरातले लोक त्याला ‘बुचर ब्लॉक’ म्हणतात, म्हणजे खाटकाचा ठोकळा! नाव ऐकून दचकू नका. लाकडाच्या पट्ट्या किंवा चौकोनी तुकडे एकमेकांना चिकटवून केलेली ती जाड फळी असते, इतकेच. पाहुण्यांसाठी घराला खोल्या जोडणारे, मुंबईहून परतून घर बांधणारे अशी फळी हौसेने बसवून घेतात. फळी बसली की सुतार विचारतो, “काय मालक, पॉलिश मारून देऊ? कलर कुठला? सागवानी की अक्रोड?” मालक वहिनींकडे पाहतात, वहिनी दुकानातल्या रंगाच्या तक्त्याकडे पाहतात, आणि एक डबा घरी येतो.

या डब्याबद्दल आज बोलायचे आहे. भाजी चिरायची, मासळी साफ करायची, मुलाच्या हातातली पोळी जिथे पडली तर उचलून पुन्हा त्याच्या हातात द्यायची, त्या जागेला आपण काय फासतो आहोत हा प्रश्न केवळ शोभेचा नाही.

मुळात आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. लाकडाला रंग देणे ही एक गोष्ट, आणि लाकडाचे पाण्यापासून रक्षण करणे ही दुसरी. दुकानात ‘स्टेन’ म्हणून जे मिळते ते पहिले काम करते, दुसरे नाही. स्टेन म्हणजे दोनपैकी एक. एक तर तो विरघळलेला रंग असतो. कापड रंगवावे तसा तो लाकडाच्या तंतूंत उतरतो. नाही तर गेरूसारखी अत्यंत बारीक भुकटी पातळ चिकट द्रवात कालवलेली असते. ती लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि द्रव वाळला की तिथेच धरून राहते. दोन्ही प्रकारांत लाकूड पाण्याला उघडेच राहते. म्हणून स्टेनवर पुन्हा तेल किंवा पॉलिश चढवावे लागते. नुसता स्टेन देऊन ओटा वापरात आणला, तर पहिल्याच आठवड्यात भांडी पुसायच्या फडक्याला तांबूस डाग दिसू लागतील.

आता आपल्या जुन्या स्वयंपाकघराकडे पाहा. आपल्या आज्या विळीवर चिरत. विळीत पाते उभे असते, भाजी हवेत कापली जाते. खालच्या पाटाला फक्त पायाचा भार सोसायचा असतो. कापण्याचा घाव लाकडावर पडतच नाही. म्हणून विळीच्या पाटाला कुणी रंग दिला काय, न दिला काय, फारसे बिघडत नव्हते. सुरी आली आणि तिच्याबरोबर घाव सोसणारी फळी आली. तिचा विचार आपल्याकडे नव्याने करायचा आहे. मात्र एक दाखला घरातच आहे. पोळपाटाला कुणी पॉलिश करून घेते का? रुखवतात मांडायचा पोळपाट रंगवतात, तो वेगळा. रोजचा पोळपाट कोराच असतो, आणि वर्षानुवर्षे पीठ आणि तेल पिऊन तो आपोआप तुकतुकीत होतो.

दुसरा दाखला मटणाच्या दुकानातला. तिथला ओंडका बहुधा चिंचेचा. चिंचेचे लाकूड जड, चिवट, सहज न फुटणारे. तो ओंडका आडवा निजवलेला नसतो, उभा असतो. म्हणजे झाडाचे आडवे कापलेले तोंड वर येते. केरसुणी उलटी धरल्यावर काड्यांची टोके वर यावीत तसे लाकडाचे तंतू तिथे उभे असतात. सत्तूर पडला की तो तंतूंच्या मधे शिरतो, तंतू बाजूला सरतात आणि पाते निघाले की पुष्कळसे पुन्हा मिटतात. त्यामुळे ठोकळाही टिकतो आणि हत्याराची धारही. खाटीक त्या ठोकळ्याला रंग देत नाही. तो दिवसाअखेर वरचा थर खरवडतो, धुतो, मीठ चोळतो, वाळू देतो. हजारो घाव सोसणाऱ्या लाकडाची ही खरी निगा आहे, आणि तिच्यात रंगाच्या डब्याला जागाच नाही.

लाकडावर जंतू राहतात, प्लॅस्टिक बरे, असे मधल्या काळात सर्वत्र सांगितले जात असे. १९९० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. लाकडी फळीवर टाकलेले जंतू ओलाव्याबरोबर आत ओढले जातात आणि पृष्ठभागावर पुन्हा सापडणे कठीण होते, उलट सुरीने चरे पडलेल्या प्लॅस्टिकवरून ते धुऊन काढणे जड जाते, असे त्यांना आढळले. म्हणून धुणे टाळावे असा याचा अर्थ नाही. कच्चे मटण-मासळी कापल्यावर साबण आणि गरम पाणी हवेच, आणि त्यासाठी वेगळी सुटी फळी ठेवलेली बरी. पण लाकडाचा हा शोषून वाळण्याचा गुण त्याच्या उपयोगाचा आहे, हे ध्यानात घ्या. त्यावर काचेसारखा जाड थर चढवला की तो गुण संपतो. आणि सुरीने तो थर फुटला की आत गेलेले पाणी बाहेरही येत नाही. लाकूड थराखाली काळे पडू लागते.

तर मग रंग? जिथे सुरी चालणार तिथे रंग देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरीचा प्रत्येक घाव लाकडाचा बारीकसा कीस काढतो आणि तो अन्नात जातो. कोऱ्या लाकडाचा कीस गेला तर फार बिघडत नाही. रंगवलेल्या लाकडाचा का जाऊ द्यायचा? रंग म्हणजे काय काय असू शकते, याची कल्पना आपल्या लोकांना जुनी आहे. शेंदूर हा शिशाचा क्षार, हिंगूळ पाऱ्याचा. रंगांतल्या शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, हे सिद्ध झालेले आहे. भारत सरकारने २०१६ मध्ये घरगुती रंगांतील शिशासंबंधी नियम केले आणि नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असलेला घरगुती रंग बनवण्यास आणि विकण्यास बंदी आली. नियम चांगला आहे. पण सुट्या डब्यातून, जुन्या साठ्यातून मोजून दिलेल्या रंगावर तो छापलेला नसतो. तेव्हा नावपत्ता नसलेला रंग घरातल्या कुठल्याही लाकडाला नको, ओट्याला तर नकोच नको.

“मग घरगुती रंग वापरू!” असे कुणी म्हणेल. आपल्याकडे ते आहेतही. खैराच्या गाभ्याचा कात घ्या. कोकणात कात काढण्याचा धंदा जुना. कातात टॅनिन भरपूर असते. युरोपात एके काळी आशियातून जाणाऱ्या काताने जहाजांची शिडे आणि मासेमारीची जाळी रंगवून टिकाऊ करीत. कात गरम पाण्यात विरघळवून लाकडाला लावला तर सुरेख तपकिरी रंग येतो. पण तो पाण्यात विरघळणारा आहे. ओल्या ओट्यावर तो सुटणार, आणि चिरलेला काकडीचा काप तुरट लागणार. हा रंग पक्का करायला काही कारागीर मोरचूद किंवा बायक्रोमेट वापरतात. पोफळीवर कोळे रोगासाठी फवारतात तेच हे मोरचूद. ते बागेत ठीक, ओट्यावर नव्हे. बायक्रोमेट तर त्याहूनही घातक. हळदीचे म्हणाल तर ती उन्हाने उडते आणि साबण लागला की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच प्रकार.

शिक्षकांसाठी येथे एक सोपा प्रयोग सांगतो. कातीचे पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात चिंचेच्या पाण्यात दोन दिवस ठेवलेल्या गंजक्या खिळ्याचे पाणी थेंब थेंब टाका. पाणी काळपट हिरवे होत जाईल. टॅनिन आणि लोखंड यांची गाठ पडली की असा काळा रंग होतो. जुनी शाई अशीच करीत. ओल्या लोखंडी तव्याचा किंवा विळ्याचा डाग लाकडावर काळा का उमटतो, तेही मुलांना यावरून कळेल.

माझ्या मते रंग हवाच असेल तर तो डब्यातून न घेता लाकूड निवडतानाच घ्यावा. फणसाचे लाकूड पाहा. कापल्यावर पिवळेधमक, आणि वर्षा-दोन वर्षांत उजेड लागून तांबूस तपकिरी होते. याच गाभ्याच्या रंगाने आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगवीत. सागाचा रंग सर्वांच्या परिचयाचा; मात्र सागात वाळूचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे सुरीची धार लवकर बोथट होते. खैर तांबडा आणि कठीण, पूर्वी मुसळे त्याची करीत. पण एवढा रुंद खैर आता कुठला मिळायला! आंबा स्वस्त, पण त्यावर रंग डागाडागांनी बसतो आणि लाकडाला किडा लवकर लागतो. बाजारात तयार मिळणाऱ्या फळ्या पुष्कळदा रबराच्या झाडाच्या असतात. ते लाकूड फिकट असते, म्हणूनच दुकानदार स्टेनचा आग्रह धरतो.

आणि आपला माड? म्हाताऱ्या, फळ न देणाऱ्या माडाच्या बुंध्याचा आपण साकव करतो किंवा जळण करतो. माडाला इतर झाडांसारखी वर्षाची वलये नसतात. त्याच्या खोडात बाहेरच्या बाजूला गडद तपकिरी तंतूंचे जुडगे दाट असतात आणि आत गाभ्याकडे ते विरळ होत जातात. म्हणून बाहेरचे लाकूड कठीण आणि आतले भुसभुशीत. बाहेरच्या बाजूच्या पट्ट्या निवडून, नीट वाळवून फळी केली तर तिच्यावर जे ठिपके आणि रेघा येतात त्यांना रंगाची गरजच पडत नाही. सुतार कुरकुर करतील, कारण हे लाकूड हत्यारे बोथट करते. तरी ज्याच्या बागेत माड आहेत त्याने हा विचार जरूर करावा.

आता खोबरेलाकडे वळू. तेले दोन जातीची. काही तेले हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतात, त्यांची साय धरते. काही कितीही दिवस ठेवली तरी तेलच राहतात. अळशीचे, म्हणजे जवसाचे तेल पहिल्या जातीचे. खोबरेल दुसऱ्या टोकाचे. रसायनशास्त्रज्ञ याचे मोजमाप तेल किती आयोडीन शोषते यावरून करतात. अळशीचा हा आकडा १७० ते २०० च्या घरात, करडईचा १४० च्या आसपास, तिळाचा ११० च्या आगेमागे, शेंगदाण्याचा त्याहून कमी आणि खोबरेलाचा जेमतेम दहाच्या आसपास. आकडा जितका मोठा तितके तेल वाळण्याची शक्यता अधिक. इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या गृहस्थाने रंगाच्या डब्यातल्या तेलावर धरलेली चिवट साय पाहिली आणि १८६० च्या दशकात तिच्यापासून जमिनीवर अंथरायचे लिनोलियम काढले. ती साय अळशीच्या तेलाचीच.

लाकडावर खोबरेल चोळले तर पहिल्या दिवशी ते झकास दिसते. पण ते वाळत नाही. पावसाळी दमट हवेत त्यावर बुरशी धरते, तेल फुटते आणि खवट, साबणासारखा वास येऊ लागतो. थंडीत थिजते, त्यावर पीठ आणि धूळ चिकटते. पोळपाट रोज घासला जातो म्हणून त्याचे निभते. भिंतीला जखडलेल्या ओट्याचे निभत नाही. खोबरेल केसांना उत्तम, माशाच्या आमटीत उत्तम, ओट्याला मात्र नको.

शाळेत हेही करून पाहता येईल. काचेच्या चार तुकड्यांवर खोबरेल, तीळ, करडई आणि अळशी अशी चार तेले बोटाने अगदी पातळ फासा, नावे लिहा आणि धूळ लागणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवा. रोज एकदा कडेला बोट लावून पाहायचे आणि वहीत नोंद करायची. अळशीची काच आधी चिकट, मग कोरडी होईल, करडई मागाहून. खोबरेलाचे बोट महिन्यानेही तेलकटच निघेल.

ओट्याला अळशीचे तेल लावायचे ते खाण्याचे, घाण्यावर काढलेले. रंगाच्या दुकानात ‘बेलतेल’ म्हणून जे मिळते ते लवकर वाळावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगेनीज यांचे क्षार घातलेले असतात. ते दाराला, खिडकीला लावा. खाण्याच्या तेलाला वाळायला अधिक दिवस लागतात, ते सोसावे. सुटी, हलवता येणारी फळी असेल तर औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिनही चालते. ते वाळत नाही पण खवटही होत नाही. महिन्याकाठी पुन्हा लावावे लागते, एवढेच. त्यात चौथा हिस्सा मधमाशांचे मेण, पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवून घातले तर पाणी चांगले ओघळते.

काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना लावतात आणि ते लाकूड टिकवते, हे खरे. पण त्याने हाताची कातडी सोलते हे काजू फोडणाऱ्या बायकांना विचारा. उंडीचे तेल दिव्याचे, पोटात जाण्याचे नव्हे. लाखेचे पॉलिश तसे निरुपद्रवी, औषधाच्या गोळ्यांवरही लाख असते. पण गरम पातेले ठेवले की ते मऊ पडते आणि पाण्याने पांढरे डाग येतात. मेलामाइन आणि पॉलियुरेथेन हे थर देव्हाऱ्याला, कपाटाला शोभतात. मेलामाइन वाळताना फॉर्माल्डिहाइडचा झोंबणारा वायू सोडते, तेव्हा तेही बंद खोलीत मारू नये.

इतके सांगूनही ज्यांना रंग हवाच आहे, त्यांनी तो ओट्याच्या दर्शनी पट्टीला, पायांना, खालच्या कपाटाला द्यावा आणि वरची फळी कोरी, तेल पाजलेली ठेवावी. गडद चौकटीत उजळ फळी, हे दिसतेही छान. रंग देण्याआधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर लावून, वर तेल देऊन, वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावा. डब्यावरच्या चित्रावर जाऊ नये. ते कुठल्या लाकडावर काढले कुणास ठाऊक. लाकडाचे आडवे कापलेले तोंड रंग अधिक पिते आणि काळपट होते, म्हणून कडांना आधी थोडे पातळ केलेले द्रव पाजावे किंवा तिथे बारीक काचकागद अधिक फिरवावा. पृष्ठभागावर मात्र आधी ८०, मग १२०, मग १८० नंबरचा कागद पुरे. शेवटच्या कागदाआधी एकदा ओले फडके फिरवून वाळू द्या. जे केस उभे राहतात ते शेवटच्या हाताने निघतात, आणि पुढे पाणी सांडले तरी फळी खरखरीत होत नाही.

वेळ कोणती? आमच्या रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. आषाढात लाकूड हवेतले पाणी पिऊन रुंदीत फुगलेले असते. तेव्हा तेल वाळतही नाही आणि ओलावा आत कोंडला जातो. दसरा उलटल्यावर, हवा कोरडी झाली की काम काढावे. तेल फळीच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, सारखे लावायचे. एकच बाजू पाजली तर पावसाळ्यात फळी नावेसारखी वाकते. भिंतीला आणि खालच्या चौकटीला ती ताठ खिळवू नये, फुगायला थोडी जागा ठेवावी. तेल ओतून सोडायचे नाही. फडक्याने चोळायचे, पंधरा-वीस मिनिटांनी राहिलेले सगळे पुसून घ्यायचे, चार-पाच दिवस थांबून दुसरा हात, तसाच तिसरा, आणि पुढे तीन-चार आठवडे ओटा वापरात आणायचा नाही. पुढच्या वर्षी पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा हात फिरवला की झाले.

राहता राहिली फडकी. अळशीचे तेल प्राणवायू शोषताना उष्णता सोडते. फळीवर ती हवेत निघून जाते, पण तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आत उष्णता साठत जाऊन त्यांना आपोआप आग लागते. काडी नाही, ठिणगी नाही, आणि रात्री गवताच्या माळ्याशेजारी धूर! म्हणून काम संपले की फडकी अंगणात दोरीवर एकेक मोकळी पसरून कडक वाळेपर्यंत ठेवा, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. कामाला गडी लावला असेल तर हे त्याला आधीच सांगा, कारण फडकी गोळा करून कोपऱ्यात ठेवण्याची सवय सगळ्यांनाच असते.